वर राहिलेले: हे

होळीची राख थंड झाली की माझं नाक जागं होतं. चुलीवर दूध उतू गेलं, शेजारणीनं गवऱ्या पेटवल्या, रस्त्यानं एखादा ट्रॅक्टर काळा धूर सोडत गेला, तरी हातातलं काम थांबतं. दारात येऊन मी डोंगराकडं बघते. डोंगर जागच्या जागी असतो, पिवळा, वाळलेला, मधूनमधून पळसाचे लाल डाग. ते डागसुद्धा पहिल्या नजरेला आगच वाटतात. पळस फुलला की लोकांना बरं वाटत असेल. मला दोनदा बघावं लागतं.

आमचा डोंगर बालाघाटाचा. सिरसाळ्याच्या बाजूनं बघितलं तर साधा उंचवटा वाटतो, पण आत शिरलं की घळी आणि ओढे लागतात. पावसाळ्यात मऊ असणारं गवत आता कमरेएवढं वाढून कोरडं ठाक झालंय. वारा आला की ते खुळखुळतं, कुणी वाळल्या शेंगा हलवाव्यात तसं. कुसळं लुगड्याच्या काठात शिरतात आणि रात्री अंथरुणात टोचतात. या दिवसांत जंगलखात्याची माणसं आभाळाकडं बघत नाहीत, पायाखाली बघतात. बिडीचं थोटूक, मेंढक्यांनी तीन दगडांची मांडलेली चूल, पलीकडच्या शेतात कुणी पेटवलेला बांध.

आता दुपार आहे. जंगलखात्याच्या चौकीतला पंखा गरम वारा खाली ढकलतोय. माझ्यासमोर कंप्युटर आहे आणि त्यावर माणसांच्या ओळी आहेत, एकीखाली एक. डोंगरावर राखणीला गेलेला माणूस रेंज असलेल्या कड्यावर आला की फोन करतो, मी त्याच्या ओळीवर बटण दाबते आणि ओळ हिरवी होते. फोन यायला उशीर झाला की ओळ पिवळी पडते. फारच उशीर झाला की लाल. बाकीच्या सगळ्या ओळी हिरव्या आहेत. एक पिवळी झालीय. ती आमच्या ह्यांची.

म्हणून लिहायला घेतलं. हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडं पळतं.

हा प्रोग्राम नसरीन मॅडमनं केलाय. मॅडम आमच्या वनरक्षक, गेवराईच्या. त्यांच्या अब्बांचं तिथं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मॅडम सांगायच्या, गॅरेजच्या भिंतीवर एक मोठी लाकडी फळी आहे. त्या फळीवर प्रत्येक पान्ह्याची, प्रत्येक हातोड्याची आकृती काळ्या रंगानं काढलीय आणि ज्याची आकृती त्यानं तिथंच टांगायचं. संध्याकाळी दुकान बंद करताना अब्बा काही मोजत बसत नाहीत. फळीकडं एकदा बघतात. जिथं नुसती काळी आकृती दिसेल, तिथला पान्हा कुणाच्या तरी इंजिनात राहिला.

"मग अब्बा जेवत न्हाईत," मॅडम म्हणायच्या. "आधी त्या ट्रॅक्टरवाल्याला फोन. चालू करू नको बे, आत माझा पान्हा हाय."

मॅडम नोकरीला आल्या तेव्हा राखणदारांची नावं कागदावर असायची. एका उन्हाळ्यात एक म्हातारा राखणदार ऊन लागून कड्याखाली पडून राहिला आणि तो परत आला नाही हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हातारा वाचला. पण मॅडमच्या मनातून ते जाईना. अब्बांच्या फळीसारखी फळी कंप्युटरवर करायची असं त्यांनी ठरवलं. शिकवणारं कुणी नव्हतं. मोबाइलवर बघत, चुकत, परत करत त्यांनी ती उभी केली. आधी माणसं घातली. मग पाण्याचे ड्रम कुठं ठेवलेत ते. मग जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. मग रोपवनातलं एकेक झाड. नाव काय ठेवलं, असं कुणी विचारलं तर म्हणाल्या, "नाव काय ठेवायचं, फळी."

त्यामुळं आमच्याकडं अजून सगळे तसंच बोलतात. फळीवर बघ. फळीवर टाक. तो फळीवर हाय का.

पुढच्या साली रोपवनाचे खड्डे घेताना माझ्या घोट्याचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये, डोंगर चढणं बंद. घरी बसले तर रोज बुडतो म्हणून मी चौकीत झाडलोट करायला जात होते. एक दिवस मॅडमनं खुर्ची पुढं ओढली.

"भाभी, बसून काम करशील का?"

"मला न्हाई येत."

"मला तरी कुठं येत व्हतं."

मी चौथी शिकलेली. वाचता येतं, लिहिता येतं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की पदर दातात जातो. मॅडमनं बटणांवर मराठी अक्षरांचे कागदी तुकडे चिकटवले. सुरुवातीला एक अक्षर शोधायला मला एवढा वेळ लागे की माणूस फोनवर थांबून थांबून म्हणायचा, "वहिनी, हायेस का गेलीस?" फोन वाजला की मी आधी मॅडमकडं बघायचे. पण बोलणं थोडकंच होतं. कोण, कुठं, बरं. एवढ्यावर भागायचं.

आता आमच्या ह्यांच्या नावाचं सांगायला हवं. त्यांचं नाव एका झाडावरून आहे. पाडव्याला गुळाबरोबर ज्याचा पाला खातात, ते झाड. लग्नात उखाण्यात मी ते नाव घेतलं तेव्हा बायका म्हणाल्या, पोरीनं नाव घेतलं का नुसती जांभई दिली. त्यानंतर कधी घेतलं नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, पहिल्याच आठवड्यात सांगितलं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि सासऱ्याचंही. सासऱ्याचं नाव देवाचं, ज्याला शनिवारी तेल वाहतात त्याचं. आत्याबाई त्या देवाला 'येशीतला देव' म्हणतात. मी झाडाला 'कडूझाड' म्हणते. इतकी वर्षं म्हणत आले की ते झाड मला दुसऱ्या नावानं दिसतच नाही.

रोपवनातली झाडं फळीवर घालायचं काम माझ्याकडं आलं तेव्हा एक दिवस मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या.

"भाभी, हे कडूझाड कंचं झाड हाय गं? आपल्या डोंगरावर तर लईच दिसतंय."

मी बोट दाखवलं. चौकीच्या अंगणातच एक उभं होतं.

"लिंबच की हा."

मी मान खाली घातली. मॅडमला कळायला जरा वेळ लागला. मग त्या हसल्या, एवढ्या की टेबलाला धरून उभ्या राहिल्या. फळीवर एक नवीनच झाड उगवलं होतं, जे सरकारच्या कुठल्याच यादीत नव्हतं. त्यांनी ते बदललं नाही. आतून काहीतरी असं केलं की कडूझाड आणि लिंब एकत्र मोजले जातील. "तू तुझं लिही," म्हणाल्या. "फळीला मी समजावलंय."

त्या उन्हाळ्याच्या राखणदारांची नावं घालायची वेळ आली तेव्हाही तसंच झालं. सगळ्यांची नावं मी घातली. ह्यांच्या ओळीवर येऊन थांबले. मॅडम मागं उभ्या होत्या.

"काय लिहायचं ते लिही. मला कळतंय ना, बस."

मी दोन बटणं दाबली. हे.

मॅडमनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि चहा ठेवायला गेल्या. फळीवर त्या दिवसापासून हे होते. कड्यावर आले की फोन करायचे, "मी हाय," एवढंच म्हणायचे. मी 'हे'वर बटण दाबायचे. हिरवं. त्या दोन अक्षरांच्या ओळीकडं बघून मला कधीकधी उगीच बरं वाटायचं. एवढ्या माणसांत आमचं दोघांचंच काहीतरी तिथं होतं.

ओळ अजून पिवळीच आहे. मी मघाशी दोनदा फोन लावून बघितला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, म्हणते ती बाई. तिला काय, ती सगळ्यांना तेच सांगते.

त्या साली रोजे याच दिवसांत आले होते. मॅडम पहाटे खाऊन निघायच्या आणि दिवसभर उन्हात थेंबभर पाणी न घेता जाळरेषा बघत फिरायच्या. अंगणातल्या कडूझाडाला बारीक पांढरा फुलोरा आला होता. त्याचा गोडसर वास दुपारी दाट व्हायचा, डोक्यात भरायचा. अजूनही तो वास आला की मी खिडकी लावून घेते. झाडाचा त्यात काही दोष नाही.

त्या दुपारी आत्याबाई माझी भाकर घेऊन चौकीवर आल्या होत्या आणि पायरीवर बसून तंबाखू मळत होत्या. मॅडमचा फोन आला.

"भाभी, उत्तरेच्या अंगाला धूर हाय. सगळ्यांना खाली बोलव. मी दोघांना आणि पाला उडवायचं ब्लोअर मशीन घेऊन तिकडं चालले. आमी डोंगराच्या पल्याड असू, आमची तिघांची नावं फळीवर खाली घे. तिथं रेंज न्हाई, माझी वाट बघू नको."

मी एकेकाला फोन लावला. खाली या, धूर आहे, खाली या. माणसं गवतातून धावत उतरत होती, फोनमध्ये त्यांचा दम ऐकू येत होता. जो खाली रस्त्यावर पोचला त्याला मी फळीवर खाली घेत होते. ओळी कमी होत चालल्या. ह्यांना फोन लागत नव्हता. हे घळीतल्या रोपांना पाणी घालायला गेले होते आणि घळीत रेंज नसते.

तालुक्याहून वनपाल साहेब आले. ते आमच्या भागात नवीन होते, नाशिककडचे. सिरसाळ्याची दहा-पंधरा माणसंही त्यांच्याबरोबर होती. आग डोंगराच्या माथ्यावरून खाली रोपवनाकडं येत होती. मध्ये फक्त जाळरेषा. वारा एवढा होता की नुसत्या जाळरेषेनं ती थांबणार नव्हती. अशा वेळी समोरून आग लावतात. जाळरेषेच्या वरच्या बाजूचं गवत आपणच पेटवायचं, म्हणजे ती आग वर जाते आणि येणाऱ्या आगीला खायला काही राहत नाही. रोपवन वाचतं. पण वर माणूस असला तर तो दोन आगींच्या मधे सापडतो. म्हणून काडी लावायच्या आधी यादी बघायची, हे मॅडमनं सगळ्यांना शंभरदा सांगितलेलं. फळीवर त्यासाठी एक बटण होतं. ते दाबलं की वर राहिलेल्यांची नावं साहेबांच्या मोबाइलवर जायची.

साहेबांचा फोन आला. "ताई, यादी पाठवा."

मी बटण दाबलं. मागून धुराचा पहिला वास चौकीत आला. लगेच पुन्हा फोन वाजला.

"यादी आली, ताई. पण नाव एकही नाही. म्हणजे सगळे खाली आले. बरोबर?"

"नाव हाय की साहेब."

"नाही. 'वर राहिलेले हे' एवढंच आलंय. पुढं काही नाही."

मला ते आधी समजलंच नाही. मग पडद्यावर बघितलं. साहेबांना जे गेलं होतं ते मलाही दिसत होतं. वर राहिलेले: हे. मी वाचलं तेव्हा त्यात माझा नवरा होता. साहेबांनी वाचलं तेव्हा ते नुसतं वरचं वाक्य होतं, आणि त्याच्याखाली कुणीच नव्हतं.

"साहेब, हे हायेत वर."

"कोण?"

"हे."

"हे म्हणजे सिरसाळ्याची माणसं का? ती इथं माझ्याजवळ उभी आहेत."

"न्हाई साहेब. आमचे हे."

"तुमच्या गावची? तीही आलीत सगळी, मी बघितली. ताई, मोठ्यानं बोला, वारा आहे."

त्यांच्यामागं कुणीतरी ओरडलं, "साहेब, वारं फिरतंय, लावा लौकर. पोचतीय ती जाळरेषेवर."

मला आठवतं ते असं की तोंडात जीभ होती आणि ती माझी नव्हती. इतक्या वर्षांत ज्या जागेवरून मी रोज वळसा घालून गेले, तिथं एकदम उभं राहायचं होतं. कुणी मना केलं नव्हतं त्या क्षणी. तरी ओठ मिटलेले. मॅडम असत्या तर एका शब्दात कळलं असतं त्यांना. पण मॅडम डोंगराच्या पलीकडं होत्या, धुरात, आणि हे ऐकणारा माणूस दुसऱ्याच मुलखातला होता.

"लिंबाजी," मी म्हणाले.

आवाज एवढासा निघाला. पदराआड बोलायची सवय असलेला आवाज.

"काय, लिंबाजवळ?"

"लिंबाजी. लिंबाजी मारुती."

"मारुतीजवळच्या लिंबाखाली? मग ठीक आहे ना ताई, ते गावातच आहे. लाव रे."

आमच्या येशीत मारुतीसमोर खरंच लिंब आहे. उन्हाळ्यात दुपारी अर्धं गाव त्याच्याखाली पडलेलं असतं. साहेब मघाशी तिथूनच वर आले होते. ज्या दोन नावांसाठी मी मरता मरता तोंड उघडलं, त्यांतलं एक झाड होऊन गेलं आणि एक देव.

मी उभी राहिले. प्लास्टरचा पाय टेबलाला आपटला, त्याचं काही वाटलं नाही.

"साहेब, लिंब न्हाई. झाड न्हाई, देऊळ न्हाई. माणूस हाय. माझा माणूस हाय वर. लिंबाजी मारुती, माझा नवरा. काडी लावू नका."

हा आवाज कुठून आला मला माहीत नाही. चौकीच्या भिंतीवर आपटून तो माझ्याच कानात परत आला. बाहेर पायरीवर आत्याबाईंचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

फोनमध्ये नुसता वारा. मग साहेबांचा आवाज, पण माझ्याशी नाही, लांबून. "थांबा. विझव ती काडी. वर माणूस आहे."

पुढचं मला तुकड्यांनीच आठवतं. साहेबांनी जीपचा भोंगा दाबून धरला, तो थांबेचना. चौकीच्या खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, फक्त पिवळा-काळा धूर आणि त्यात सूर्य, कुंकवाच्या टिकलीएवढा. मग आवाज आला. मोठ्या ताडपत्रीला कुणी ओढत न्यावं तसा. आगीनं जाळरेषा ओलांडली होती. समोरून आग न लावल्यामुळं रोपवन तिच्या वाटेत तसंच उघडं उभं होतं. ती रोपं मी पाठीवर पाण्याचे डबे नेऊन जगवली होती. मॅडमनं एकेकाची ओळ केली होती. कोण कुठं वाकडं वाढलंय हेसुद्धा आम्हाला माहीत होतं. ती जळायला लागली तेव्हा कच्च्या पाल्याचा कडवट धूर सगळ्या गावावर आला, आणि मी पडद्यावरच्या एका लाल ओळीकडं बघत बसले होते. ओळ एवढी लहान. दोन अक्षरं. बाकीच्यांची नावं लांबलचक, बापाच्या नावासकट. हिला धरून ठेवायला जागाच नव्हती.

आत्याबाई आत आल्या. त्या कधी आत येत नाहीत. कंप्युटरला हात न लावता त्या माझ्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या.

"त्यो कंचा?" त्यांनी विचारलं.

मी लाल ओळ दाखवली. त्यांना वाचता येत नाही. पण लाल कळतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"अगं, मी हाय."

मी पदर तोंडाला लावला.

"घळीतून वर आलतो," हे सांगत होते. "जाळरेषेकडनंच खाली यायचं म्हणून गवतात शिरलो. तवर जीपचा भोंगा सुरू झाला, बंदच हुईना. म्हणलं तिकडं कायतरी झालंय, म्हणून माघारी फिरून वढ्यात उतरलो. पल्याडच्या वस्तीवर हाय. हा त्यांचा फोन. कशाला रडतीस?"

साहेब जिथं काडी लावणार होते, त्याच गवतात हे शिरले होते.

मॅडम दिवस मावळताना आल्या. चेहरा, हात, ओढणी सगळं काजळलेलं. रोजा सोडायची वेळ होऊन गेली होती. मी तांब्या पुढं केला, आत्याबाईंनी फडक्यातून खजूर काढून दिला, जो मॅडमनंच त्यांना दोन दिवसांपूर्वी दिला होता. मॅडम पाणी प्यायल्या, कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्या तशाच उठून कंप्युटरपाशी गेल्या.

"चूक माझी हाय, भाभी," त्या म्हणाल्या. "मला कळतंय म्हणून राहू दिलं. फळी काय मी माझ्यापुरती केली व्हती?"

"तुमी कशाला," मी म्हणाले.

"अब्बांच्या दुकानात नवीन पोरगं आलं तरी त्याला कळतं, कंचा पान्हा न्हाई ते. मी आकृती काढलीच न्हाई. नुसता खिळा मारला."

रोपवन का जळालं, समोरून आग वेळेवर का लावली नाही, असं पुढं वरून विचारणं झालं. साहेब मॅडमच्या खुर्चीत बसून फोनवर बोलत होते. त्यांनी एवढंच सांगितलं, माणूस वर होता. परत विचारलं, परत तेच सांगितलं. मी दाराशी झाडू घेऊन उभी होते. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, आवाज आहे बरं का तुम्हाला." मी झाडत झाडत बाहेर गेले.

घरी दोन दिवस आत्याबाई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते, त्या चुलीसमोर बसल्या होत्या.

"सासऱ्याचं बी नाव घेतलंस म्हण की."

"व्हय."

"समद्या डोंगराला ऐकू जाईल असं."

"व्हय, आत्याबाई."

त्यांनी जळण पुढं सारलं. "कसं वाटलं तोंडाला?"

मला वाटलं, टोमणा आहे. पण त्यांनी मान वर करून खरंच विचारलं होतं.

"कडू न्हाई लागलं," मी म्हणाले.

त्या आगीकडं बघत राहिल्या. मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली. मग त्या अगदी हळू, मीठ बरोबर पडलंय का ते जिभेवर बघावं तसं, म्हणाल्या, "मारुती."

आणि लगेच, "तव्यावरची करपली बघ."

त्यानंतर दिवसभर फळीसमोर बसून मी जळालेली झाडं एकेक करून पुसली. पुसली म्हणजे ओळ काढली नाही. मॅडमनं काढू दिली नाही. त्यांच्यापुढं 'जळाले' लिहायचं. कडूझाड, जळाले. कडूझाड, जळाले. मधे एखादा आपटा, एखादं सीताफळ, परत कडूझाड. बोट दुखायला लागलं तेव्हा मनात आलं की त्या दिवशी ह्या सगळ्या ओळी एका बाजूला होत्या आणि एक ओळ दुसऱ्या बाजूला. मी निवड केली असं कुणी म्हणू नये. निवडायला मला वेळच नव्हता. पण जळक्या खोडांमधून आजही चालताना मी त्यांना हात लावत जाते. बरीचशी पुढं बुडातून फुटली. तेव्हा मॅडमनं मला परत बसवलं आणि म्हणाल्या, "आता जी फुटली त्यांच्यापुढं 'जिवंत' लिही. हळूहळू लिही, घाई न्हाई."

फळी बदलली. नावाच्या जागी आता दोन-चार अक्षरं टाकून चालत नाही. 'हे' लिहिलं तर चौकट लाल होते आणि पुढं जातच नाही. मॅडमनं ते माझ्यासमोर करून दाखवलं आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. ह्यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव. मी शोधून शोधून एकेक बटण दाबलं. मॅडम त्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

आणखी एक नियम आला. फोन आला की 'मी हाय' चालणार नाही. कुणी कुणाच्याही फोनवरून 'मी हाय' म्हणेल. नाव चौकीतून घ्यायचं, मोठ्यानं, आणि समोरच्यानं 'हाय' म्हणायचं. सगळ्यांसाठी हाच नियम. हे तेव्हा दारात उभे होते. घरी आल्यावर जेवताना म्हणाले, "म्हंजी दिसातनं चारदा म्हणशील व्हय?"

"कामाचं हाय ते."

"आत्ता म्हण की एकदा."

"फळीवर लिवलंय. जाऊन वाचा."

"मला कुठं वाचता येतंय."

मी त्यांना आणखी एक भाकर वाढली. घरात मी अजून अहोच म्हणते. पाडव्याला अजून कडूझाडाचाच पाला काढते, आणि फळीवर ते झाड अजून तसंच आहे. पण डोंगरावरून फोन आला की नाव घ्यावंच लागतं. ह्यांचे फोन वाढले. बाकीची माणसं कड्यावर आली की एकदा फोन करतात. हे कड्यावर पोचले की करतात, पाणी प्यायला बसले की करतात, उठले की करतात. बाकीचे राखणदार चिडवतात. एकदा कुणीतरी मागून ओरडलेलं मी ऐकलं, "लिंबाजी, बॅटरी जाळतो का बे नुसती?"

म्हणून आजची पिवळी ओळ मला सोसवत नाहीये. जो माणूस गरज नसताना फोन करतो, त्याचा फोन आला नाही तर काय समजायचं.

लिहिता लिहिता ओळ लाल झाली. पंख्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. मी दारात जाऊन आले. धूर नाही. नाक वर करून वास घेतला. फुलोऱ्याचा वास, तापलेल्या मातीचा, बाकी काही नाही. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी निघाले वर. तू जागा सोडू नको." आत येऊन परत बसले. नाव ओठावर आणून ठेवलं, म्हणजे फोन आला की शोधायला नको. मघापासून तसंच धरून बसलेय.

फोन वाजला तेव्हा लिहिणं तिथंच सोडलं होतं. आता पुढचं लिहिते.

नंबर ह्यांचाच होता. मी उचलला. पलीकडं वारा, गवताचा खुळखुळ, आणि कुणी बोलेना. नियम असा आहे की आधी मी बोलायचं.

"लिंबाजी मारुती," मी म्हणाले. बाहेर रस्त्यानं जाणाऱ्या बाईनं वळून बघितलं.

वारा तसाच येत राहिला. कुठंतरी दगड घरंगळला. मी दुसऱ्यांदा नाव घेतलं, जास्त मोठ्यानं.

मग दम लागलेला आवाज आला, अगदी फोनला तोंड लावून.

"हाय."